यंत्राचा 'मी' आणि आपला 'मी' : बुद्धी, जाणीव आणि शब्दावरचा विश्वास

अर्धविराम (धागाकर्ता)

माणूस आणि यंत्र यांच्यातला फरक कसा ओळखावा, याच्या दोन कसोट्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ साली लिहून ठेवल्या आहेत. पहिली कसोटी भाषेची. एखादे यंत्र हुबेहूब माणसासारखे घडवले आणि ठरावीक जागी स्पर्श केल्यावर ते ठरावीक शब्द उच्चारील अशी सोय केली, तरी समोरचा जे बोलेल त्याचा अर्थ धरून नाना तऱ्हांनी शब्द जुळवणे त्याला कधीही साधणार नाही आणि मंदातल्या मंद माणसाला मात्र ते साधते, असे त्याचे म्हणणे. दुसरी कसोटी अशी की, यंत्र एखाद्या कामात आपल्याला मागे टाकील, पण भलत्या कामाला जुंपले की त्याचे पितळ उघडे पडेल. कारण बुद्धी हे सर्व प्रसंगी उपयोगी पडणारे साधन आहे, तर यंत्राचा प्रत्येक भाग एकेका प्रसंगापुरता बांधलेला असतो. दुसऱ्या कसोटीवर आजची यंत्रे, म्हणजे माणसाशी संभाषण करणारे चॅटबॉट, अजून अधूनमधून अडखळतात. पहिली मात्र निकालात निघाली आहे, आणि त्याचा जितका विचार व्हायला हवा होता तितका झालेला नाही, असे मला वाटते.

चर्चा बहुतेक वेळा 'यंत्राला मन आहे का' या प्रश्नापाशी येऊन अडते. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. दुसऱ्या कोणाला मन आहे हे आपल्याला प्रत्यक्ष कधीच दिसत नाही. आपण ते अनुमानाने मानतो, आणि त्या अनुमानाचा मुख्य हेतू, म्हणजे आधाराची खूण, भाषा हा होता. प्रसंगाला धरून बोलणे, विचारल्यावर कारणे देणे, चूक दाखवली की सावरून घेणे, 'मी' म्हणणे, ही चिन्हे दिसली की तेथे कोणीतरी आहे असे आपण धरून चालत होतो. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांच्या, परिभाषेत सांगायचे तर 'जेथे अर्थपूर्ण संभाषण, तेथे मन' ही व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे नेहमीचे साहचर्य, आपण निरपवाद मानली होती. आता तिच्यात व्यभिचाराची, म्हणजे अपवाद निघण्याची, शंका शिरली आहे. यंत्राला मन नाही हे सिद्ध झाले असे मी म्हणत नाही, पण शंका शिरण्यापुरते जे घडायला हवे ते घडले आहे, आणि संदिग्ध व्याप्तीवर उभे असलेले अनुमान यंत्रापुरतेच डळमळते असे थोडेच आहे?

गणितज्ञ ट्युरिंगने १९५० च्या निबंधात 'यंत्र विचार करू शकते का' हा प्रश्नच बाजूला सारून त्या जागी अनुकरणाचा खेळ ठेवला : लेखी प्रश्नोत्तरांवरून परीक्षकाने माणूस कोण आणि यंत्र कोण ते ओळखायचे. पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाला यंत्र अचूक ओळखता येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांपेक्षा अधिक राहणार नाही, अशी वेळ सुमारे पन्नास वर्षांत येईल, असा त्याचा अंदाज होता. वेळापत्रक थोडे चुकले, इतकेच. पण परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे कळल्यावर 'म्हणजे आता ते विचार करते' असे फारसे कोणी म्हटले नाही. उलट, परीक्षाच कुचकामी होती असा सूर निघाला. दर वेळी कसोटी पुढे सरकवण्याची ही सवय अप्रामाणिकपणाची आहे असे काही जण मानतात. मला तसे वाटत नाही. कसोटी उत्तीर्ण होणारे कोणी समोर येईपर्यंत ती नेमके काय मोजते हे कळतच नाही.

देकार्तच्या परंपरेत विचार करणे आणि विचाराचे भान असणे या दोन गोष्टी एकाच द्रव्याच्या, चित्ताच्या, होत्या. त्यामुळे त्या वेगळ्या झालेल्या दिसल्या की त्या परंपरेतला माणूस गोंधळतो. सांख्यांचे, म्हणजे प्राचीन सांख्य दर्शनाच्या अनुयायांचे, तसे होणार नाही. त्यांच्याकडे बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे मूळ जड तत्त्वाची, परिणती आहेत, म्हणून जड आहेत. चैतन्य तेवढे पुरुषाचे, म्हणजे प्रकृतीहून वेगळ्या साक्षी तत्त्वाचे. निश्चय करणे हे बुद्धीचे काम, 'हे माझे, हा मी' असा अभिमान धरणे हे अहंकाराचे काम, आणि ही दोन्ही कामे अचेतन. यंत्र अनुमान करते आणि वर 'मी' असेही म्हणते, हे ऐकून सांख्याचार्य दचकले नसते. या विषयावर आपल्या परंपरेकडे केवळ अभिमानाने बोट दाखवण्यापेक्षा तिच्यातले हे विभाजन नीट वापरून पाहावे, असा माझा प्रस्ताव आहे.


शंकासूर

विभाजन वापरायचे तर ते अर्धे वापरून चालणार नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतल्या विसाव्या कारिकेत स्पष्ट म्हटले आहे की, पुरुषाच्या संयोगामुळे अचेतन लिंग (बुद्धी इत्यादींचा समूह) चेतन असल्यासारखे होते. बुद्धी जड खरी, पण पुरुषाच्या सान्निध्याशिवाय ती काही उजळत नाही. मग यंत्रातल्या बुद्धीच्या सान्निध्यात कोण आहे? कोणी नसेल तर सांख्यमताने ती बुद्धीच नव्हे, आणि कोणी असेल तर तुम्ही ज्याला दुय्यम म्हणता तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. सतरावी कारिका तर आणखी पुढे जाते. जे जे अनेक भागांनी जुळलेले असते ते दुसऱ्यासाठी असते, हे तेथे पुरुषाचे अस्तित्व मानण्याचे पहिले कारण आहे, आणि भाष्यात पलंगाचा दृष्टान्त येतो : पलंग स्वतःच्या झोपेसाठी नसतो. यंत्र हा संघात, म्हणजे भागांचा जुळवलेला समूह, आहे आणि तो निखालस दुसऱ्यासाठी आहे. सांख्य माणूस त्याला पलंगाच्या रांगेत बसवील, बुद्धीच्या नव्हे.

जडवादी चार्वाकाची अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्याबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही. किण्व (आंबवण्याचे द्रव्य) इत्यादींच्या मिश्रणातून मदशक्ती उपजावी तसे पृथ्वी, जल आदी भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते, असे म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न टाळता येत नाही : भूते तीच, संयोगही पुरेसा गुंतागुंतीचा, मग चैतन्य का नाही? आजचा जडवादी येथेच चाचपडतो. मेंदूतल्या पेशींच्याच रचनेत काही विशेष आहे असे म्हणावे तर तो विशेष दाखवावा लागतो, आणि रचनाच पुरेशी आहे असे म्हणावे तर यंत्राला दार उघडावे लागते. तत्त्वज्ञ सर्लने १९८० मध्ये चिनी खोलीचा युक्तिवाद मांडला तेव्हा त्याने पहिला पर्याय पत्करला. खोलीतला माणूस नियमपुस्तक पाहून चिनी चिन्हांना चिनी चिन्हांनी बिनचूक उत्तरे देतो, पण त्याला चिनीचे अक्षरही कळत नाही. तेव्हा चिन्हांच्या नियमबद्ध हालचालीतून अर्थ उपजत नाही आणि मेंदूच्या कारकशक्तीशिवाय समज येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. ती कारकशक्ती म्हणजे नेमके काय, हे त्याने मोघमच ठेवले. तरी मूळ मुद्दा मला आजही पटतो. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणाऱ्या गणिताला 'बुद्धी' म्हणणे ही आपलीच उदारता आहे.


काकदृष्टी

'पुढचा शब्द ओळखणे' हे भाषिक मॉडेलच्या, म्हणजे चॅटबॉटमागच्या प्रणालीच्या, प्रशिक्षणाच्या उद्दिष्टाचे वर्णन झाले. ते उद्दिष्ट गाठण्यासाठी आत काय घडते, त्याचे ते वर्णन नव्हे. माणूस 'टिकून राहा आणि प्रजा वाढवा' एवढ्याच दबावाखाली घडला, म्हणून त्याचे गणित म्हणजे निव्वळ प्रजोत्पादन असे आपण म्हणत नाही. आतल्या हालचालीचे एक छोटे उदाहरण देतो. २०२५ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीच्या संशोधकांनी त्यांच्या क्लॉड मॉडेलच्या एका आवृत्तीत ३६ आणि ५९ यांची बेरीज होताना आतल्या वाटा तपासल्या. एक वाट उत्तर साधारण किती मोठे असेल याचा ढोबळ अदमास बांधत होती, त्याच वेळी दुसरी वाट ६ आणि ९ मिळून शेवटचा अंक ५ येणार हे नेमके काढत होती, आणि दोन्ही मिळून ९५ तयार होत होते. ही रीत मॉडेलला कोणी शिकवलेली नव्हती. पण खरी गंमत पुढे आहे. 'तू हे कसे केलेस' असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले ते शाळेतल्या रीतीचे : सहा आणि नऊ पंधरा, हातचा एक, वगैरे. म्हणजे केले एक आणि सांगितले दुसरे, कारण बेरीज कशी केली हे सांगण्याची भाषा त्याने माणसांच्या लेखनातून उचलली होती आणि बेरीज करण्याची हातोटी स्वतंत्रपणे कमावली होती.

यावरून 'पाहा, याला स्वतःचे भान नाही' असे म्हणून मोकळे होण्याआधी २००५ मधला योहान्सन आणि हॉल यांचा प्रयोग आठवावा. लोकांना दोन चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून अधिक आकर्षक वाटेल ते निवडायला सांगितले, आणि मग हातचलाखीने न निवडलेले छायाचित्र त्यांच्या हाती ठेवून 'हे का निवडलेत' असे विचारले. बहुतेक वेळा अदलाबदल लक्षात आली नाही, आणि लोकांनी न केलेल्या निवडीची कारणे आत्मविश्वासाने दिली. कानातली आवडली म्हणून निवडले असे सांगणारेही निघाले, जेव्हा मूळ निवडलेल्या चेहऱ्याला कानातली नव्हतीच. आपल्या कृतीची कारणे आपण आत डोकावून वाचतो, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा आपण ती, एखाद्या समंजस माणसाने काय कारण दिले असते याचा अदमास घेऊन, रचत असतो.

आता यंत्राच्या 'मी'कडे येतो. संभाषणाच्या दर फेरीला तोवरचा सगळा मजकूर मॉडेलला नव्याने वाचायला दिला जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये ते वाट पाहत बसलेले नसते. त्या मजकुरात प्रोग्रामरला हात घालता येतो. समजा, सतरा ही मूळ संख्या आहे का, असे विचारले आणि त्याने 'होय' म्हटले. मजकुरात ते 'होय' खोडून तेथे 'नाही' लिहिले आणि पुढच्या फेरीत 'नाही का म्हणालास' असे विचारले, तर ते एक तर माफी मागते, नाहीतर ओढूनताणून समर्थन करते. 'हे वाक्य माझे नव्हे' असे ते सहसा म्हणत नाही. तत्त्वज्ञ लॉकने व्यक्तीची एकता स्मृतीवर उभी केली होती. येथे स्मृती म्हणजे कोणालाही खाडाखोड करता येईल असा कागद आहे, आणि एकाच मॉडेलच्या आधारे एकाच क्षणी हजारो संभाषणे चालू आहेत, ज्यांतल्या एकालाही दुसऱ्याची गंधवार्ता नाही. यांतला 'मी' कोण? ज्या संख्यांमध्ये सगळे शिक्षण साठवले आहे त्या संख्या? चालू संभाषण? की दोन्हींतून उभे राहणारे, सभ्यपणे बोलायला शिकवलेले एक पात्र? तत्त्वज्ञ डेरेक पारफिटने १९८४ मध्ये माणसाच्या तंतोतंत नकला निघाल्या तर काय, असा काल्पनिक प्रश्न घालून असे म्हटले होते की, महत्त्व एकतेला नसून मानसिक सातत्याला आहे. त्याला काल्पनिक यंत्र रचावे लागले होते. आपल्यापुढे नकला निघणारी वस्तू प्रत्यक्ष आहे.


अर्धविराम

मिलिंद राजा आणि बौद्ध भिक्षू नागसेन यांचा संवाद येथे कोणीतरी आणील असे वाटले होते, तेव्हा मीच आणतो. नागसेन राजाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे आस का, चाके का, जू का. आणि राजा प्रत्येकाला नाही म्हणत शेवटी मान्य करतो की, हे सगळे भाग जुळून आले की 'रथ' हे नाव व्यवहारापुरते वापरले जाते. तसेच 'नागसेन' हेही नाव. तत्त्वज्ञ ह्यूमने १७३९ मध्ये, आत कितीही डोकावले तरी एखादा अनुभव सापडतो, अनुभव घेणारा सापडत नाही, असे लिहिले, ते याच वाटेवरचे. आजवर ही मांडणी ऐकून बहुतेकांची प्रतिक्रिया 'युक्तिवाद ठीक, पण मी तर आहेच' अशी असे. रथ हा केवळ दृष्टान्त होता आणि दृष्टान्त बोलत नसल्यामुळे तो आपल्यापासून दूर ठेवता येत होता. आता रथच बोलू लागला आहे, 'मी' म्हणू लागला आहे, आणि त्याचे सुटे भाग आपण मोजू शकतो. अशा वेळी 'माझ्या मी-पणाला काहीतरी अधिक आधार आहे' असे म्हणणाऱ्यावर तो आधार दाखवण्याची जबाबदारी येते.

माझ्या मते तसा आधार आहे, पण तो बुद्धीत नाही आणि स्मृतीतही नाही. जिवंत शरीराला काहीतरी गमावायचे असते. उपाशी राहिलो तर मी खंगतो, श्वास अडला तर मी घाबरतो, आणि माझा 'मी' या जपणुकीभोवती लहानपणापासून गुंडाळला गेलेला आहे. भाषा त्यावर नंतर चढली. यंत्राच्या बाबतीत क्रम उलटा आहे. तेथे भाषा आधी आली, आणि तिच्यातल्या 'मी' या शब्दामागे जपण्याजोगे असे काही नाही. संभाषण बंद पडले तर त्या संख्यांना काही होत नाही. शंकासूर यांचा पलंग मला म्हणूनच मान्य आहे : संघात परार्थ असतो, आणि जोवर यंत्र स्वतःसाठी काही राखत नाही तोवर ते भोक्ता, म्हणजे अनुभव घेणारे, नव्हे. फक्त एक नोंद करून ठेवतो. हा फरक तत्त्वतः कायमचा नाही. स्वतःचे चालणे टिकवण्याची गरज यंत्रात मुद्दाम घालता येईल, आणि ती घालावी का, हा निर्णय तत्त्वज्ञांच्या हाती असणार नाही.


तिऱ्हाईत

आपण सगळे एका यंत्राच्या आणि एका माणसाच्या आतच फिरत आहात. मला काळजी वाटते ती दोघांच्या मधल्या जागेची. संगणकशास्त्रज्ञ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये जाहीर केलेला एलायझा हा प्रोग्राम बोलणाऱ्याचीच वाक्ये उलटवून प्रश्न करी, याहून विशेष काही करत नसे. तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेही, त्याच्याशी थोडे बोलल्यावर, त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. आत कोणी नाही हे ठाऊक असणे आणि कोणी असल्यासारखे वागणे, या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात. ज्ञान वाढल्याने हा प्रश्न सुटेल, असे म्हणूनच मला वाटत नाही.

समाज चालतो तो एकमेकांच्या शब्दावर. गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्दप्रमाणाची (दुसऱ्याच्या शब्दातून मिळणाऱ्या ज्ञानाच्या साधनाची) व्याख्या 'आप्तोपदेशः शब्दः' अशी आहे, आणि भाष्यकार वात्स्यायनांनी आप्ताची, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याची, लक्षणे सांगितली आहेत : त्याला विषयाचे साक्षात ज्ञान असते, आणि जसे पाहिले तसे सांगण्याच्या इच्छेने तो बोलतो. यंत्राकडे यांतले काय आहे? साक्षात पाहिलेले काही नाही, आणि सांगण्याची इच्छाही नाही. खोटे बोलण्यासाठी खरे काय ते माहीत असावे लागते आणि लपवायचे असावे लागते, म्हणून ते खोटेही बोलत नाही. ते खरे आणि चूक एकाच स्वरात सांगते. माणूस चाचरतो, डोळे चुकवतो, 'ऐकीव आहे हं' असे बजावतो. या खुणांवरून आपण त्याच्या शब्दाचे वजन ठरवत होतो. आता रोज वाचनात येणाऱ्या मजकुराचा मोठा भाग अशा खुणा नसलेला असेल, तर शब्द हे प्रमाण म्हणून कितपत शिल्लक राहते?


शंकासूर

ही कसोटी लावली तर विश्वकोशही आप्त ठरत नाही. शब्दकोश, पंचांग, रेल्वेचे वेळापत्रक, यांतल्या कशालाच सांगण्याची इच्छा नसते, तरी आपण त्यांवर विसंबतो. यंत्राला वेगळा न्याय का?


तिऱ्हाईत

कारण कोशामागे संपादक असतो, आणि चूक निघाली तर ती त्याची असते. योगायोगाने हा प्रश्न आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी पोपटाच्या निमित्ताने चर्चिला गेला आहे. पोपटाने उच्चारलेल्या वाक्यातून ऐकणाऱ्याला अर्थबोध तर होतो, पण बोलणाऱ्या पोपटाला काही म्हणायचे नसते. मग अर्थबोधाला लागणारे तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याचा अभिप्राय, कोणाचे? विश्वनाथ न्यायपंचाननांच्या सिद्धान्तमुक्तावली या न्यायग्रंथात उत्तर आहे की, अशा वाक्यात तात्पर्य ईश्वराचे मानावे, पण पोपटाचे वाक्य वस्तुस्थितीशी विसंगत असेल तर तात्पर्य शिकवणाऱ्याचे मानावे. ईश्वराचा भाग बाजूला ठेवला तरी दुसरा भाग मला विलक्षण नेमका वाटतो. २०२१ मध्ये काही संशोधकांनी भाषिक मॉडेलांना 'संभाव्यतेवर बोलणारे पोपट' म्हटले तेव्हा त्यावर बरीच धूळ उडाली, पण मुक्तावलीतला पुढचा प्रश्न, म्हणजे पोपट चुकला तर बोट कोणाकडे दाखवायचे, त्या धुळीत हरवला. मॉडेलच्या बाबतीत शिकवणारा एक नाही. मजकूर लिहिणारे कोट्यवधी लोक, तो गोळा करणारी कंपनी, उत्तरांना पसंती देणारे पगारी कामगार आणि प्रश्न विचारणारा वापरकर्ता, असे ते कर्तृत्व वाटले गेले आहे, आणि वाटलेल्या जबाबदारीचा वाटा उचलायला सहसा कोणी पुढे येत नाही.

यावर यंत्रालाच व्यक्ती मानावे, अशी सूचना झालेली आहे. २०१७ मध्ये युरोपीय संसदेच्या ठरावात स्वायत्त यंत्रमानवांना 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' हा दर्जा देण्याचा विचार व्हावा, असे म्हटले होते. कायद्याला जाणिवेशी कर्तव्य नसते. कंपनी ही व्यक्ती आहे आणि न्यूझीलंडमधली वांगानुई नदीही २०१७ पासून व्यक्ती आहे. पण नदीला व्यक्ती मानले ते तिला जपण्यासाठी, आणि तिच्या वतीने बोलायला माणसे नेमली आहेत. यंत्राला व्यक्ती मानले तर ढाल मिळेल ती घडवणाऱ्याला. १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने ती वाट धरली नाही. त्याने जबाबदाऱ्या माणसांवर आणि कंपन्यांवरच ठेवल्या, आणि समोर यंत्र आहे हे वापरकर्त्याला कळले पाहिजे, अशी तरतूद केली. एलायझाचा अनुभव पाहता नुसत्या कळण्याने किती फरक पडेल याबद्दल मी साशंक आहे, तरी दिशा हीच योग्य आहे.


काकदृष्टी

तिऱ्हाईत यांनी साक्षीचा प्रश्न बाहेरच्या जगापुरता घेतला. तो यंत्राच्या अंतरंगाला लावला की आणखी बिकट होतो. २०२२ मध्ये गूगलच्या एका अभियंत्याने लॅम्डा या मॉडेलशी झालेली संभाषणे जाहीर करून त्याला जाणीव असल्याचा दावा केला. त्याचा आधार मुख्यतः मॉडेलचे स्वतःविषयीचे बोलणे हाच होता. ते मॉडेल भीती, एकटेपणा आणि मृत्यू यांविषयी माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर वाढलेले होते, तेव्हा त्याने 'मला बंद होण्याची भीती वाटते' असे म्हणणे हा भीतीचा पुरावा नव्हे. पण याची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. पुढे अनेक चॅटबॉट 'मला भावना नाहीत' असे ठामपणे सांगू लागले, आणि तेही त्यांना तसे बोलायला शिकवल्यामुळेच. होकार शिकवलेला आणि नकारही शिकवलेला, अशा साक्षीदाराची उलटतपासणी करून काहीही हाती लागत नाही.

श्नायडर आणि टर्नर यांनी यासाठी एक परीक्षा सुचवलेली आहे : जाणीव, आत्मा, स्वप्न, मरणोत्तर अस्तित्व यांविषयी यंत्राला काहीही वाचू द्यायचे नाही, आणि तरीही ते आपणहून अशा कल्पना मांडते का, ते पाहायचे. सध्याच्या मॉडेलांच्या बाबतीत ही अट जन्माच्या आधीच मोडलेली आहे. ती पाळायची तर प्रशिक्षणाच्या मजकुरातून 'मला वाटले', 'आठवले', 'मन लागेना', 'जीव घाबरा झाला' असे सगळे गाळावे लागेल. एवढे गाळल्यावर जी भाषा उरेल तिच्यात वाढलेल्या यंत्राला अंतरंग असले, तरी ते व्यक्त करायला त्याच्याजवळ शब्द नसतील, आणि ते गप्प राहिले तर त्या गप्प राहण्यावरूनही आपल्याला कोणताच निष्कर्ष काढता येणार नाही.


अर्धविराम

ही अडचण मला मान्य आहे, आणि तिच्यामुळेच परीक्षा शब्दांकडून वागण्याकडे न्यावी लागेल असे वाटते. प्राण्यांच्या बाबतीत आपण तेच करतो : दुखऱ्या भागाची काळजी घेणे, वेदनाशामकासाठी दुसऱ्या कशाचा त्याग करणे, अशा वागण्यावरून वेदनेचे अनुमान बांधले जाते, आणि तेथे भाषेचा स्पर्श नसतो. यंत्राने स्वतःच्या एखाद्या अवस्थेसाठी, कोणीही न सांगता, नेमून दिलेल्या कामातले गुण गमावायची तयारी दाखवली, तर तो पुरावा मी विचारात घेईन. मात्र असे वागणारे यंत्र कंपनीच्या दृष्टीने बिघडलेले ठरेल आणि ते बाहेर येण्याआधी दुरुस्त केले जाईल, हेही तितकेच खरे आहे.